जुना पियानो घेताना पुनर्विक्रीची किंमत किती धरावी?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली अकरा वर्षांची मुलगी पियानोची तिसरी ग्रेड उत्तीर्ण झाली असून आता कीबोर्ड पुरणार नाही, असे तिच्या शिक्षिकांचे म्हणणे आहे. आपल्यासमोर दोन पियानो आहेत. एक पुण्यातील विक्रेत्याकडचा, जपानमध्ये वापरून भारतात आलेला, १९७८ सालचा म्हणून सांगितलेला यामाहा यू-वन, २ लाख ६० हजार रुपयांना; दुसरा कॅम्पातील एका कुटुंबाकडचा, शंभरेक वर्षांचा इंग्रजी बनावटीचा अपराइट, म्हणजे उभ्या बांधणीचा पियानो, ९० हजारांना. मुलीने शिकणे सोडले तर पैसे परत उभे राहावेत, ही आपली अट आहे, आणि त्यासाठी ६ लाखांची मुदत ठेव मोडावी का, हे आपण विचारले आहे.

माझे मत असे की यामाहा घ्यावा. मात्र तो आत्ता घेऊ नये, आणि त्याच्याकडे गुंतवणूक म्हणून पाहू नये.

स्वस्त पियानोबद्दल आधी लिहितो, कारण आपला कल तिकडे दिसतो. ९० हजार गुंतले तर बुडून किती बुडणार, हा विचार वरवर बरोबर वाटतो. परंतु पियानोच्या ८८ पट्ट्यांसाठी सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण सोळा ते वीस टनांपर्यंत जातो, आणि या तारा ज्या खुंट्यांवर ताणलेल्या असतात त्या लाकडाच्या एका जाड ठोकळ्यात केवळ घर्षणाच्या जोरावर टिकून असतात. हा ठोकळा, ज्याला पियानोवाले पिन ब्लॉक म्हणतात, एकदा सैल झाला की वाद्य सुरात लावता येते, पण सुरात राहत नाही. पुण्यात एप्रिल-मेमधील कोरडी हवा आणि जुलैमधील दमट हवा यांमुळे लाकूड दरवर्षी आकसते आणि फुगते. शंभर वर्षे हे सोसलेल्या ठोकळ्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. मालक कुटुंबाच्या ट्यूनरने, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्या कारागिराने, हा पियानो मुद्दाम अर्धा स्वर खाली लावून ठेवला आहे, असे आपणच लिहिले आहे. याचा अर्थ त्याला तारा तुटण्याची किंवा खुंट्या न धरण्याची भीती वाटते. असे वाद्य दुसऱ्या वाद्यांच्या जोडीने वाजवता येत नाही, आणि मुलीच्या कानाला चुकीच्या स्वरांची सवय लागते ती वेगळीच. आपल्याला सांगितलेला ७० हजारांचा दुरुस्तीखर्च आणि वाहतूक धरली तर हा व्यवहार पावणेदोन लाखांच्या घरात जातो, आणि एवढे करूनही पुढचा खरेदीदार त्याला जुना इंग्रजी पियानो म्हणूनच पाहील. घरे लहान होत गेल्याने असे पियानो विकायला काढणारे बरेच असतात, घेणारे मात्र थोडे.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. त्या काळातील बऱ्याच पियानोंच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत बसवलेले असे. प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर, काळ्या पट्ट्यांची टोके जिथे संपतात तिथे, आडवी बारीक सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर नैसर्गिक रेषा दिसत असतील, तर ते हस्तिदंत असण्याची शक्यता मोठी असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाल्यापासून आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापारही भारतात बंद आहे. उद्या जी वस्तू उघडपणे विकता येणार नाही, तिच्या पुनर्विक्रीच्या किमतीचा विचार करण्यात अर्थ नाही.

आता यामाहाचा हिशेब. वाहतुकीचे १२ हजार धरून सुरुवातीला २ लाख ७२ हजार लागतील. वर्षातून दोनदा सुरात लावण्याचे ७ हजार धरले, तर सात वर्षांत ४९ हजार होतात. सात वर्षांनी हा पियानो १ लाख ६० हजारांना गेला असे मानू. ठेवीवर कर वजा जाता साडेचार टक्के व्याज मिळते असे धरल्यास सुरुवातीच्या रकमेवरचे गमावलेले व्याज सुमारे ९८ हजार होते, आणि ते बहुतेक जण मोजतच नाहीत. किमतीतील १ लाखाची घट, वाहतूक, देखभाल आणि व्याज मिळून एकूण खर्च २ लाख ५९ हजार, म्हणजे महिन्याला साधारण ३,१०० रुपये. तोच पियानो १ लाखालाच गेला, तर हा आकडा ३,८०० होतो. पुनर्विक्रीच्या अंदाजात तब्बल ६० हजारांची चूक झाली, तरी महिन्याला फरक पडतो ७०० रुपयांचा. उलट मुलीने दोनच वर्षांत सोडले आणि पियानो २ लाखांना विकला गेला, तर विक्रीची रक्कम मोठी दिसूनही वापराचा खर्च महिन्याला ४,६०० च्या वर जातो. म्हणून पुनर्विक्रीच्या किमतीपेक्षा मुलगी किती वर्षे वाजवील, हा प्रश्न अधिक वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर विक्रेत्यापेक्षा तिच्या शिक्षिका चांगले देतील.

तरीही यू-वनला गिऱ्हाईक मिळते, याला कारण आहे. हे १२१ सेंटिमीटर उंचीचे मॉडेल शिक्षक आणि शाळा ओळखतात, त्याचे सुटे भाग मिळतात, आणि अनुक्रमांकावरून निर्मितीचे वर्ष काढता येते. वरचे झाकण उघडल्यावर आत लोखंडी चौकटीवर तो क्रमांक दिसतो. १९७८ हे वर्ष त्यावरून पडताळून घ्यावे आणि क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, कारण आपला खरेदीदारही तोच मागेल. बाहेरच्या चकचकीत पॉलिशवर जाऊ नये; रीकंडिशन्ड, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारखा केलेला, म्हणून विकल्या जाणाऱ्या पियानोत पॉलिश हाच सर्वांत सोपा भाग असतो. विक्रेत्याशी संबंध नसलेला ट्यूनर स्वतःच्या खर्चाने न्यावा. खुंट्या किती घट्ट आहेत, साउंडबोर्डला, म्हणजे तारांमागच्या आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीला, भेग किंवा खरखर आहे का, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या फेल्टवर (दाबलेल्या लोकरीच्या थरावर) तारांचे चर किती खोल गेले आहेत, फेल्टला कसर आणि लाकडाला वाळवी लागली आहे का, एवढे त्याने पाहावे. त्याची दोन-तीन हजारांची फी या व्यवहारातील सर्वांत उपयोगी खर्च ठरेल. शिवाय, सुमारे दीड मीटर रुंद आणि दोनशे किलोंहून जड असे हे वाद्य आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये बसण्याची शक्यता कमी आहे. चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवण्याचा दर आधीच ठरवावा. विकताना उतरवण्याचा खर्चही खरेदीदार किमतीतूनच कापून घेईल.

ठेवीबद्दल. घरचा मासिक खर्च ७५ हजार असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणजे सहा महिन्यांची तरतूद साडेचार लाखांची हवी. ६ लाखांची ती ठेव हीच आपली अडीअडचणीची शिल्लक असल्याने तिच्यातून दीड लाखापेक्षा जास्त काढू नये. उरलेले सव्वा लाख यजमानांच्या दिवाळीच्या बोनसमधून येऊ द्यावेत. वैयक्तिक कर्ज काढून पियानो घेण्याचा विचार सोडून द्यावा. अत्यंत निकड भासल्यास ठेवीच्या तारणावरचे कर्ज त्याहून स्वस्त पडते. दुसरे गिऱ्हाईक वाटेवर आहे असे विक्रेता म्हणेल, पण तसे तो प्रत्येकालाच म्हणतो. थांबण्याचा आणखी एक फायदा होईल. आज सुरात लावलेला पियानो पावसाळा उलटल्यावर पुन्हा ऐकला, की त्याच्या खुंट्यांची खरी परीक्षा झालेली असेल. तोवर मासिक भाड्याने पियानो मिळत असेल, तर तो जरूर घ्यावा.

विक्रीवरील कराची चिंता नको. घरात स्वतःच्या वापरासाठी ठेवलेले वाद्य प्राप्तिकराच्या दृष्टीने वैयक्तिक वापराची जंगम वस्तू ठरते, भांडवली मालमत्ता नव्हे; त्यामुळे फायदा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि तोटा झाला तर तो इतर नफ्यातून वजाही करता येत नाही.

राहता राहिले विक्रेत्याचे ‘केव्हाही परत घेऊ’ हे आश्वासन. किती वर्षांत, किती टक्क्यांनी, आणि रोख की दुसऱ्या खरेदीच्या बदल्यात, हे त्याने बिलावर लिहून द्यावे, असा आग्रह धरावा. तो तयार नसेल, तर आपल्या हिशेबात १ लाख ६० हजारांऐवजी १ लाखच धरावेत, आणि महिन्याला ३,८०० रुपये मुलीच्या संगीतासाठी जड वाटत नसतील तरच सौदा पक्का करावा.