अंगावरून पांढरं जाणं नॉर्मल असतं का? आपल्याकडच्या बायकांवर यासाठी कधी कुणी संशोधन केलंय का?

तुम्ही लिहिलंय की वय २७, दोन वर्षांपासून अंगावरून पांढरं जातं, आई म्हणते "सगळ्या बायकांना असतंच, बोंबलत फिरायचं नसतं", आणि नेटवर शोधलं तर सगळं परदेशातलंच सापडतं. मी डॉक्टर नाही. पण तुमच्या आईचं ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय. लांब होईल.

संशोधन झालंय, आणि आपल्या गडचिरोलीत झालंय. १९८६ च्या सुमारास, म्हणजे जेव्हा बायकांचं आरोग्य म्हटलं की सरकारला फक्त बाळंतपण आणि नसबंदी एवढंच दिसायचं तेव्हा, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका-मुली तपासल्या. नुसते फॉर्म नाही भरले. बाई डॉक्टरने आतून तपासलं, स्राव काचेवर घेऊन बघितला, रक्त-लघवी तपासली. जानेवारी १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात छापून आलं. १०० पैकी ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, एकेकीला सरासरी ३.६ आजार, आणि त्यातले निम्मे इन्फेक्शनचे. लोक ९२ चा आकडा सांगतात, मला मात्र दुसराच आकडा पाठ आहे. त्या ६५० पैकी आधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी होऊन उपचार मिळालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा. तिकडे हे काम चाललं होतं त्या काळात माझी आई इकडे धानाच्या बांधीत रोवणा करत होती आणि तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरून बाहेर येत होतं. मला हे कळलं २००९ साली.

झालं असं की आई अंगणात घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेलं, वय ५८. मी नागपूरहून गेले चार दिवस तिचं करायला. आंघोळ घालू देईना. "मी करतो माझं, तू फक्त पाणी टाक." दोन दिवस तसंच चाललं, तिसऱ्या दिवशी मी न ऐकता न्हाणीत शिरले. जुन्या लुगड्याच्या चिंधीची घट्ट गुंडाळी करून तिने लंगोटासारखी बांधलेली होती, एका हाताने तिला ती सोडता येत नव्हती म्हणून एवढी टाळाटाळ. मी गाठ सोडली. लिंबाहून मोठा गोळा बाहेर आलेला, लालसर, आणि सारखा कपड्याला घासून घासून एका बाजूची कातडी टाचेसारखी निबर झालेली. मी काही बोलूच शकले नाही. आईच म्हणाली, "घाबरू नको, आत जाते तो. झोपलं की जाते."

पंचवीस वर्षं. धाकटा भाऊ १९८४ च्या आखाडात झाला, पंधराव्या दिवशी ती पऱ्ह्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन चिखलात उतरली, कारण रोवणा थांबत नाही आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. तेव्हापासून. लघवी करायची तर आधी तो गोळा बोटाने वर ढकलायचा, नाहीतर लघवी उतरत नसे. बसमध्ये धक्के बसले की जीव नकोसा व्हायचा म्हणून तिने माहेरची लग्नं सोडली, आणि आम्ही सगळे म्हणायचो आई हेकट आहे, कुठे यायलाच तयार नसते.

आता दादा. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, चांगला माणूस आहे, आईचं ऑपरेशन नागपूरला झालं त्याचा सगळा खर्च त्याने केला. पण त्या दिवसापासून आजपर्यंत त्याचं एकच म्हणणं, "आईने एका शब्दाने सांगितलं नाही, आम्हाला कसं कळणार? बायका सांगतच नाहीत." आणि माझं त्याच्याशी तेव्हापासून भांडण आहे, कारण हे खोटं आहे. आईने सांगितलं होतं. वर्षातून दोनदा तरी ती तालुक्याच्या एका डॉक्टरकडे जायची आणि सांगायची "कंबर दुखते". आमच्याकडे बाई पुरुष डॉक्टरला कंबर दुखते म्हणाली की त्यात सगळं येतं हो, पांढरं जाणं, अंग उतरणं, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, सगळं. ज्याने तिकडे दहा वर्षं प्रॅक्टिस केली त्याला हे माहीत नसेल असं होतच नाही. तो दर वेळी एक सुई टोचायचा आणि कॅल्शियमच्या गोळ्या द्यायचा.

त्याच्याही आधी ती नसबंदीच्या कॅम्पला गेली होती, धाकटा वर्षाचा असताना. म्हणजे अंग उतरलेल्या बाईला टेबलावर झोपवून नळ्या बांधल्या, टाके घातले, घरी सोडलं. नर्सबाई त्यासाठी तीनदा घरी आली होती, पोरं किती, शेवटचं केवढं, ऑपरेशन कधी करतेस, एवढंच विचारायला. तिलाही दोष देत नाही मी, वरून टार्गेट असायचं. ते टार्गेट १९९६ साली गेलं, आणि ते जाण्यामागे १९९४ ची कैरोची लोकसंख्या परिषद होती जिथे बाईचं आरोग्य म्हणजे फक्त पोरं मोजणं नाही हे जगाने मान्य केलं. तिथे जे पुरावे मांडले गेले त्यात गडचिरोलीच्या या दोन गावांचाही हात होता असं जाणकार लिहितात. मला त्याचा अभिमान वाटतो, आमच्या झाडीपट्टीकडे कोण बघतं एरवी.

नागपूरला काय झालं ते ऐका. बाई डॉक्टर होत्या, तरुण, तिशीच्या असतील. दादाला बाहेर बसवलं. आईला विचारलं, बाळंतपणं किती, घरी की दवाखान्यात, कधीपासून बाहेर येतं, लघवीला ढकलावं लागतं का, खोकलं की थेंब पडतो का, पांढरं जातं का, वास येतो का, मालकांजवळ जाताना त्रास व्हायचा का. माझी आई, जी माझ्यासमोर पदर खांद्यावरून ढळू देत नाही, तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. साल सांगितलं, महिना सांगितला. शेवटच्या प्रश्नाला म्हणाली, "लय." पंधरा मिनिटांत पंचवीस वर्षं बाहेर आली. बाहेर येताना मी तिला विचारलं, एवढं सगळं होतं तर आधी का नाही बोललीस. तर म्हणाली, "मले कोणी इचारलं का?"

म्हणून मला गडचिरोलीचं ते काम एवढं लागून राहिलंय. बायका सांगत नाहीत हे कारण घेऊन बसले असते तर तेही घरी बसले असते. गावात जाऊन, त्यांच्या भाषेत, बाईने बाईला विचारलं तर बायका आल्या, टेबलावर झोपल्या, तपासून घेतलं, १९८६ च्या गडचिरोलीत. त्यांच्यातल्या ५५ टक्के बायकांनी आपल्याला त्रास आहे असं सांगितलं. आणि ज्यांनी काहीच त्रास नाही म्हटलं त्यांच्यातही आजार निघाले, म्हणजे सवय एवढी झालेली की त्रास हा त्रास वाटेनासा झालेला. इजिप्तमध्येही गिझाच्या दोन खेड्यांत ५०९ बायका अशाच तपासल्या होत्या, तिथे निम्म्याहून जास्त बायकांचं अंग खाली उतरलेलं सापडलं. नाईल काय आणि वैनगंगा काय.

हो, तुमचा प्रश्न. पांढरं थोडंफार जाणं नॉर्मलच असतं. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट, वास नाही, खाज नाही, तर तो आजार नाही, गरोदरपणातही वाढतं. दह्याच्या चोथ्यासारखं आणि प्रचंड खाज असेल तर ते बहुतेक बुरशीचं. राखाडी, पातळ आणि मासळीसारखा वास, किंवा पिवळं-हिरवं फेसाळ, किंवा ओटीपोटात दुखणं, किंवा संबंधानंतर रक्त, यातलं काहीही असेल तर गायनॅककडे जा. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, काही इन्फेक्शनमध्ये नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात नाहीतर पुन्हा पुन्हा होत राहतं. मेडिकलवाल्याकडून आत ठेवायच्या गोळ्या आणून परस्पर ठेवू नका आणि आतून डेटॉलने धुऊ तर अजिबात नका. कॉपर-टी बसवली किंवा नसबंदी केली म्हणून हे सगळं होतं असं बायका म्हणतात, त्याचाही गडचिरोलीत तपास केला होता, थोडा संबंध दिसला पण एकूण आजारांतल्या अगदी छोट्या भागाचंच कारण त्याने कळतं.

आणि एक सांगते, पांढरं जातं म्हणून कुणी "गर्भाशयाची पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल" म्हणालं तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा. बीडला ऊसतोडणीच्या बायकांचं काय झालं ते वाचा. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली, ८२,३०९ बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. किती जणी अशाच पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून गेल्या असतील. म्हणजे आमच्या आईला कोणी हातच लावला नाही आणि यांना लावला तो असा. (आईची पिशवीही काढली शेवटी, खालच्या वाटेने, पण तिचं दुखणं त्या टोकाला गेलं होतं. लवकर कळलं असतं तर व्यायामाने किंवा आत रिंग बसवून भागलं असतं असं त्या डॉक्टरच म्हणाल्या.)

कॅन्सरची भीती असेल तर त्यावरही आपल्याच मातीतलं काम आहे, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातलं, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने आणि मुंबईच्या टाटाने मिळून केलेलं. १९९९ पासून, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याने होतो त्या विषाणूची) टेस्ट केली त्यात पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, ज्या गटात अशी तपासणी केली नव्हती त्यात ६४. एकाच टेस्टने जवळपास निम्मे मृत्यू कमी. तपासणी न झालेल्या गावांतल्या बायकांचं काय, हा प्रश्न मला अजून टोचतो, त्यावर तेव्हा वादही झाला, पण निष्कर्ष खरा आहे आणि जगभरात त्याचा दाखला देतात.

गडचिरोलीचे आकडे दोनच गावांचे आणि चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत, आणि ९२ मध्ये बारीकसारीक आजारही धरलेत, म्हणजे ९२ जणी मरणाच्या दारात होत्या असं नाही. सगळेच डॉक्टर त्या तालुक्याच्या डॉक्टरसारखे नसतात हेही कळतं मला. आणि दादावर एवढं लिहिलं पण मीही तिची मुलगीच ना, माझीही दोन बाळंतपणं झाली होती तोवर, आईने माझं सगळं केलं, मी तिला एकदाही विचारलं नाही की तुझ्या बाळंतपणानंतर तुला काय झालं. दादाला हे मी बोलून दाखवलेलं नाही.

तुमच्या आईचं वाक्य परत वाचा आता. "सगळ्या बायकांना असतंच." तिला कुठून माहीत सगळ्या बायकांचं? ती स्वतःचं सांगतेय. तुम्ही २७ च्या म्हणजे त्या पन्नाशीच्या आसपास असतील, एचपीव्हीच्या टेस्टची गरज तुमच्यापेक्षा त्यांना आहे. बाई गायनॅक शोधा, फोन करून दोघींचा नंबर लावा, आणि आत गेल्यावर आधी त्यांना बसवा. कंबर दुखते का म्हणून विचारलं तरी चालेल सुरुवातीला.