फ्यूज शाबूत, फ्रिज बंद

पावसाळा सरत आला की आमच्या भांडुपच्या सेल्फ-डायनॅमोच्या, म्हणजे गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाच्या दुकानात राहत्या गाड्या येऊ लागतात. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, सिंक बसवून घेतलेल्या. दिवाळीत कोकण गाठायचं असतं आणि चार महिने बंद पडून वायरिंग रुसलेलं असतं. या अंकासाठी आलेली पत्रंही त्याच जातीची निघाली.

प्रश्न : ताई, आम्ही सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली. मागच्या भागासाठी १०० अँपिअर-अवरची वेगळी लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. तिच्यावर ५० लिटरचा, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालतो. रात्री मध्येच तो बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकतो. बॅटरी नवी टाकली, तरी तेच. पॅनेलवरचं मीटर १२.६ व्होल्ट दाखवतं, फ्यूज शाबूत आहे, फक्त होल्डर हाताला गरम लागतो. गॅरेजवाले म्हणतात, १५ अँपिअरचा फ्यूज काढून ३० चा टाका. टाकू का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नका टाकू. आणि जुनी बॅटरी अजून भंगारात दिली नसेल तर देऊही नका, तिचा बहुतेक काही दोष नव्हता.

आधी फ्यूजचं. फ्यूज फ्रिजसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तुमच्या फोटोत वायर दीड स्क्वेअर एमएम जाडीची दिसते. तिला निळा १५ चा फ्यूज बरोबर आहे. हिरवा ३० चा टाकलात आणि उद्या कुठे शॉर्ट झालं, तर फ्यूज मजेत बसून राहील आणि वायर आधी तापेल. ती जाते कुठून? प्लायवुडच्या मागून, फोमला चिकटून, गॅस सिलिंडरच्या कप्प्याशेजारून. शिवाय तुमचा फ्यूज उडतच नाहीये. न उडणारा फ्यूज मोठा करून काय मिळणार, हे त्या गॅरेजवाल्यांनाच विचारा.

आता खरा प्रश्न. पॅनेलवरचे १२.६ तुम्ही वाचलेत ते फ्रिज बंद असताना. वायरीतून करंट वाहत नसेल तेव्हा सडकी वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. दोष दिसतो तो लोड, म्हणजे वीज खाणारी वस्तू, चालू असताना. म्हणून मी या वाचकांना फोनवर सांगितलं, की कॉम्प्रेसर घरघरत असताना मीटर लावा. त्यांनी घेतलेले आकडे असे : बॅटरीच्या टर्मिनलवर १२.२, फ्रिजच्या प्लगमध्ये १०.९. म्हणजे १.३ व्होल्ट वाटेतच गडप. यातले बरेच फ्रिज साडेदहाच्या आसपास स्वतःच बंद होतात, बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून. रात्री बॅटरी थोडी उतरली, त्यात कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट खेचला, की प्लगमधला आकडा त्या रेषेखाली जातो. लाल दिवा त्याचाच.

ते १.३ नेमके कुठे गेले, ते शोधायची रीत सोपी आहे. फ्रिज चालू ठेवा. मीटरची लाल सळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी सळी फ्रिजच्या पॉझिटिव्हला. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज पॉझिटिव्हच्या वाटेत खर्च होतंय. इथे ०.८ आलं. मग दोन्ही सळ्या फक्त फ्यूज होल्डरच्या दोन बाजूंना : ०.४. चांगल्या होल्डरमध्ये फ्रिजच्या ५ अँपिअरला हा आकडा मिलिव्होल्टमध्ये यायला हवा. शेवटी निगेटिव्हची, म्हणजे करंट परतण्याची बाजू : ०.५. फ्रिजची काळी वायर जवळच्याच एका बोल्टला, गाडीच्या पत्र्यावर रंगावरच आवळलेली होती आणि वॉशरखाली गंज होता.

होल्डरचा हिशेब बघा. ०.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे २ वॅट. ऐकायला किरकोळ, पण ही उष्णता नखाएवढ्या जागेत रात्रभर साठत राहते. त्यांनी होल्डर उघडून फोटो पाठवला, त्यात एका बाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन फ्यूजच्या पायाला चिकटलंय, आणि त्या पायावरची चकाकी जाऊन निळसर-काळा डाग पडलाय. आतली पितळी पट्टी सैल झाली की असं होतं. फ्यूज ओळखतो तो जादा करंट. सैल जोडात करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. म्हणून होल्डर वितळेपर्यंत फ्यूज शाबूत राहू शकतो. हात लावून होल्डर गरम आहे हे तुम्ही पाहिलंत, हे फार बरं केलंत.

करायचं काय : होल्डर बदला. घासून, पट्टी दाबून वापरू नका, तापलेल्या पितळाची स्प्रिंगसारखी पकड गेलेली असते. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सहा मीटर अंतर आहे. दीडच्या वायरीत तेवढ्या एकेरी लांबीला ५ अँपिअरवर साधारण ०.३५ व्होल्ट जातं, ४ स्क्वेअर एमएममध्ये ०.१३. तेव्हा ४ ची वायर ओढा आणि निगेटिव्हही स्वतंत्र ४ च्याच वायरीने थेट बॅटरीपर्यंत आणा, पत्र्यावर सोडू नका. फ्यूज १५ चाच.

वायर लोहार चाळीतून घ्या, नीट बघून. कार ऑडिओची म्हणून जी जाडजूड, स्वस्त केबल मिळते ती पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. तेवढ्याच जाडीत तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपट असतो. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) पकडीने चेपू नका, त्यासाठीचं क्रिंपिंग टूल वापरा आणि वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत उघड्या तोंडाची वायर आतल्या आत हिरवी पडत जाते. बाहेरून कोरी करकरीत दिसते, सोलली की वीतभर हिरवं चूर्ण.

कामाला लागण्यापूर्वी दहाच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवा. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. मी बांगड्यासुद्धा उतरवते. पान्याने पॉझिटिव्ह आणि बॉडी एकदम जोडली गेली तर मधलं सोनं वितळतं, हात त्यातच असतो.

प्रश्न : पाण्याचा पंप आणि मागचे दिवे एकाच १० च्या फ्यूजवर आहेत. बिल्डिंगखाली उभ्या गाडीत सगळं ठीक चालतं. घाटात वळणं सुरू झाली की फ्यूज उडतो. दर वेळी नवा टाकून कंटाळलो. (डोंबिवली)

उत्तर : उभ्या गाडीत ठीक आणि हलत्या गाडीत शॉर्ट, म्हणजे कुठेतरी वायर पत्र्याला घासते आहे. फ्यूज खर्ची घालून शोधू नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब घ्या, दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी तो लावा. पंप आणि दिव्यांची बटणं बंद ठेवा. शॉर्ट असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. आता एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने वायरी हलवत मागे जायचं. जिथे हात लावल्यावर बल्ब लख्ख पेटेल, तिथे दोष.

माझा पहिला संशय मागच्या दाराच्या बिजागरीजवळ, जिथे वायर पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला बसवायच्या कड्याशिवाय) काढलेली असते. दुसरा संशय सुताराच्या स्क्रूवर. वायरिंग झाल्यावर प्लाय ठोकला असेल, तर एखादा स्क्रू वायरीच्या अंगावरून गेलेला असतो आणि गाडी डुलली की टेकतो. दुरुस्ती झाली की पंपाला वेगळा फ्यूज द्या. अंधारात पंपापायी दिवे जाणं बरं नव्हे.

प्रश्न : १००० वॅटचा इन्व्हर्टर बसवतोय. घरातला ६३ अँपिअरचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडून आहे, तो बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये चालेल ना? (ठाणे)

उत्तर : चालणार नाही, दोन कारणांनी. १००० भागिले १२ म्हणजे ८३ अँपिअर, इन्व्हर्टरची तूट धरली की नव्वदच्या वर, आणि बॅटरी उतरलेली असेल तर शंभराला टेकतो. ६३ चा एमसीबी सारखा पडत बसेल. दुसरं कारण जास्त गंभीर. घरचा करंट एसी, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून एमसीबी उघडताना पडलेली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी शून्यावर येतच नाही. घरच्यासाठी बनवलेल्या एमसीबीत ती ठिणगी जळत राहू शकते. एमसीबीच हवा असेल तर डीसीसाठी बनवलेला, पुरेशा अँपिअरचा घ्या. मी मात्र बोल्टने आवळायचा १२५ चा फ्यूज लावते, किमान २५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलला, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. इन्व्हर्टरजवळ लावलात तर मधली सगळी केबल उघडी राहते, तिला कुणी वाली नाही. बॅटरी लिथियम असेल तर फ्यूज मोठा शॉर्टचा झोत तोडू शकणारा, क्लास टी जातीचा हवा.

प्रश्न : गाडी आठ दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते. सगळे दिवे बंद असतात. (गिरगाव)

उत्तर : इन्व्हर्टरचा हिरवा दिवा बघा. काही न जोडता नुसता चालू ठेवला तरी तो अर्धा अँपिअर सहज खातो. दिवसाला १२ अँपिअर-अवर, म्हणजे १०० ची बॅटरी चार दिवसांत निम्मी. त्याच्या स्वतःच्या बटणावर बंद करा आणि बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच बसवा. छतावर सोलर पॅनेल असेल तर क्रम पाळा : आधी पॅनेल तोडायचं, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. उलट केलंत तर बरेच चार्ज कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारे डबे) बॅटरीविना पॅनेलचं पूर्ण व्होल्टेज अंगावर घेतात आणि जातात.