उन्हाळ्यात न गारठणारा वाइन कूलर आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : मी भुसावळला राहतो. जानेवारीत पुण्याच्या विक्रेत्याकडून 62 हजारांचा वाइन कूलर ऑनलाइन मागवला. तापमान 12 अंशांवर लावलं, तरी एप्रिलपासून आतला आकडा 20च्या खाली येत नाही. मेकॅनिक 'खोली फार तापते, मशीनमध्ये दोष नाही' असं लिहून गेला आणि कंपनीने वॉरंटी नाकारली. नाशिकहून आणलेल्या काही बाटल्याही खराब झाल्या. तक्रार करायला पुण्याला जावं लागेल का?

उत्तर : नाही भाऊ. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार चालते. रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही. वकील दिलाच पाहिजे असंही नाही.

पण आधी कूलरच्या आत किंवा मागे चिकटवलेली माहितीची पट्टी बघा. तिच्यावर 'क्लायमेट क्लास' असतो. 'एन' म्हणजे खोलीचं तापमान 16 ते 32 अंश असेल तर मशीन नीट चालेल, 'एसटी' म्हणजे 38पर्यंत, 'टी' म्हणजे 43पर्यंत. तुमचं यश बरंचसं त्या अक्षरावर अवलंबून आहे. 'टी' असेल आणि खोली 38-40 अंशांवर असताना आत 20 राहत असेल, तर तो सरळ दोष. 'एन' असेल तर मुद्दा बदलतो : पैसे घेण्याआधी ही मर्यादा तुम्हाला सांगितली होती का? खोक्यातली पुस्तिका पैसे भरल्यानंतर हातात आली, ती धरायची नाही. विक्रीच्या पानावर काय लिहिलं होतं ते महत्त्वाचं. त्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढा, मजकूर कधीही बदलतो. मालाचा दर्जा आणि त्याच्या मर्यादा कळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. खान्देशातल्या पत्त्यावर माल पाठवायचा आणि मे महिना आला की उन्हाकडे बोट दाखवायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

कंपनी हवामान खात्याचा 44-45चा आकडा पुढे करेल. तो बाहेरचा. मोजायचं खोलीतलं. कूलरशेजारी एक थर्मामीटर ठेवा, दुसरा आत पाण्याने भरलेल्या बाटलीत. दार उघडलं की आतली हवा लगेच तापते, पाणी तितक्या लवकर तापत नाही, म्हणून तो आकडा खरा. आठवडाभर सकाळ-दुपार दोन्हींचे वेळेसह फोटो घ्या. नव्या बाटल्या भरल्यावर पहिला दिवस सोडून द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि तीच तुमची कमजोर बाजू ठरू शकते : कूलर ठेवलाय कुठे? मागून गरम हवा सोडणारं मॉडेल बंद कपाटात बसवलं असेल, किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटवलं असेल, तर चूक तुमच्यावर येईल. तसं असेल तर आधी जागा बदला, पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडा आणि मगच नोंदी घ्या. मशीन स्वतः किंवा बाहेरच्या माणसाकडून उघडू नका.

मग विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही स्पीड पोस्टने 15 दिवसांची नोटीस द्या. बिल, मेकॅनिकचा कागद आणि फोटो सोबत जोडा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा, कधीकधी तेवढ्यावरच काम होतं. नाहीच झालं तर आयोगात तक्रार करा. त्यासाठी कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. दोषाबद्दल वाद राहिला तर आयोग तपासणी करवून घेऊ शकतो, तिचा खर्च मात्र आधी तुम्हाला भरावा लागू शकतो.

बाटल्यांची भरपाई मागताना जपून. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे मद्य बाळगायला परवाना लागतो आणि साठ्यालाही मर्यादा आहे. परवाना आणि बाटल्यांची बिलं हाताशी असतील तर ती रक्कम जरूर जोडा. नसतील तर तक्रारीत फक्त मशीनची किंमत, व्याज, मनस्ताप आणि खर्च मागा, आणि परवान्याचा अर्ज या आठवड्यातच भरा.