आमदाराने कोणत्या विधेयकावर कसं मत दिलं, हे कुठे बघायला मिळतं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या मावसभावाने त्याच्या लोकप्रतिनिधीची सगळी मतं एका पानावर काढून दाखवली, शेती वेगळी, आरोग्य वेगळं, कर वेगळे. आपल्या आमदार-खासदारांचं असं विषयवार कुठे मिळेल, हा तुमचा प्रश्न. आमदारांचं मिळत नाही. खासदारांचं थोडं मिळतं. कोणी संकेतस्थळ बनवलं नाही म्हणून नव्हे, तर बहुतेक वेळा मत नावानिशी नोंदवलंच जात नाही म्हणून.

हे मला कळायला गेल्या वर्षीचा पावसाळा लागला.

10 जुलै 2025 ला विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवता येईल, तिच्याशी संबंध ठेवल्याबद्दल 2 ते 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकेल, गुन्हा अजामीनपात्र. आमच्या घरात हा विषय लांबचा नाही. माझी आई शेतकरी संघटनेची. कापूस आंदोलनात रस्ता अडवला म्हणून चार रात्री तुरुंगात काढलेली बाई आहे ती. विधेयक नक्षलवाद्यांसाठी आहे, शेतकऱ्यांसाठी नाही, असं मी तिला समजावत होते, तर ती म्हणाली, "आम्हाला पकडलं तेव्हा पण कायदा दुसऱ्याच कोणासाठी केलेला होता."

गणपतीत थोरला भाऊ घरी आला. दादा आमच्या आमदारांचा कार्यकर्ता, पंधरा वर्षं त्यांच्या गाडीमागे फिरतोय. आरतीनंतर सगळे बसलेले असताना तो म्हणाला, "साहेबांनी सभागृहात कडाडून विरोध केला." मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, विधानसभेत, आणखी कुठे. म्हटलं, दाखव. आणि तिथून जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

मी आधी बातम्या धुंडाळल्या. विधानसभेत उघड विरोध केल्याचं नाव मला एकच सापडलं, डहाणूचे विनोद निकोले. मार्क्सवादी पक्षाचे विधानसभेतले एकटे आमदार. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. आमच्या साहेबांचं नाव कुठे नव्हतं. बातमीत सगळ्यांची नावं येत नाहीत, म्हणून मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवृत्त शोधायला बसले. दोन रात्री गेल्या. माझ्यासारखं तुम्हीही जुनी कार्यवृत्तं चाळलीत तर एक वाक्य पाठ होईल: "प्रस्ताव मतास टाकण्यात येऊन संमत झाला." पानोपानी तेच. अर्थसंकल्पाच्या मागण्या असोत की विद्यापीठाचा कायदा, शेवटी ही एक ओळ. कोणी मत टाकलं, कोणी नाही, किती जण हजर होते, यातलं काही नाही.

मग कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग लावलं. अध्यक्षांच्या आसनावरून शब्द येतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, आणि श्वास घ्यायच्या आत "होयचे बहुमत, होयचे बहुमत". कॅमेरा आसनावर. "होय" ऐकू येतं, पण कोणाच्या तोंडचं ते कळायला मार्ग नाही. मी तो तुकडा सात-आठ वेळा मागे घेऊन ऐकला. हेडफोन लावून ऐकला. दादाच्या साहेबांनी त्या क्षणी "नाही" म्हटलं असेल तर ते त्या आवाजात विरघळून गेलं, आणि "होय" म्हटलं असेल तरी तसंच. दादाचं खरं की माझं, हे जगातला कोणताही माणूस आता सांगू शकत नाही. मला राग आला तो याचा. खोटं पकडता आलं नाही याचा कमी. जो माणूस खरंच विरोध करतो त्याच्याकडेही पुरावा उरत नाही, याचा जास्त.

दिवाळीनंतर एका लग्नात साहेब भेटले. मी सरळ विचारलं, तुम्ही पोल का नाही मागितला? (आवाजी निकालाला हरकत घेऊन मतं मोजा म्हणणं, त्याला सभागृहात पोल मागणं म्हणतात.) ते चिडले नाहीत, हे सांगायला हवं. म्हणाले, "ताई, पोल पक्ष मागतो. मी एकट्याने उठून मागितला तर उद्या गटनेत्याला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, निकोले एकटेच होते ना. ते म्हणाले, "ते एकटेच आहेत, म्हणूनच."

हे उत्तर तेव्हा मला पळवाट वाटलं होतं. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे नावानिशी "नाही" म्हणणारी माणसं बघा. बऱ्याचदा ती एकटी किंवा दुकटी असतात, कारण त्यांच्यावर दुसऱ्या कोणाचा व्हीप, म्हणजे अमुकच मत द्या असा पक्षाचा आदेश, नसतो.

9 मार्च 2010. राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतं मोजली गेली. बाजूने 186, विरोधात 1. ते एक मत शरद जोशींचं होतं, आईच्या शेतकरी संघटनेचे संस्थापक, महाराष्ट्रातून गेलेले, आपल्या स्वतंत्र भारत पक्षाचे राज्यसभेतले एकटे खासदार. आमच्या घरावर त्या रात्री काय झालं ते कसं सांगू? आई 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला ट्रकमधून गेली होती. धडप्यात बांधलेल्या भाकऱ्या, कडेवर मी. लाल बिल्ला तिने अजून जपलाय. बायांच्या नावावर जमीन करा असं सांगणाऱ्या माणसाने बायांच्या आरक्षणाला एकट्याने विरोध केला! अप्पा त्यांच्या बाजूने बोलू लागले, तर आई जेवणावरून उठून गेली. चार-आठ दिवसांनी अप्पांनी भाषणाची छापील प्रत मिळवली आणि ओसरीवर बसून तिला वाचून दाखवली. चिठ्ठ्या टाकून मतदारसंघ राखीव करायचे आणि दर निवडणुकीला ते फिरवायचे, या पद्धतीला जोशींचा आक्षेप होता. बाई निवडून आली, तिने मतदारसंघ बांधला आणि पुढच्या वेळी तो तिच्याखालून काढून घेतला, असं होईल, हा मुद्दा. आईला तो पटला नाही, आजही पटत नाही. पण ती म्हणाली, "चुकले असतील, पण नाही म्हणाले ते नाव लावून. आता मला भांडायला माणूस तरी समोर आहे."

तीन संध्याकाळी ते दोघं भांडले. मी ऐकत होते. एका मताची नोंद असल्यामुळे आमच्या ओसरीवर आरक्षणाच्या पद्धतीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी बाकीच्या 186 मतांवर कधी झाली नाही.

पुढे 20 सप्टेंबर 2023 ला लोकसभेत तेच आरक्षण नव्या विधेयकातून आलं आणि 454 विरुद्ध 2 ने संमत झालं. त्या दोघांतले एक होते औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील, दुसरे त्यांच्याच पक्षाचे ओवेसी. ओबीसी आणि मुस्लीम स्त्रियांना त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांचं कारण. पटो न पटो, नाव आहे आणि कारण आहे.

आता ही मतं मोजली का गेली? ती घटनादुरुस्ती होती म्हणून. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश मतं लागतात, तिथे नुसत्या आवाजावर भागत नाही. त्यामुळे खासदाराचं रेकॉर्ड शोधायचं तर आधी घटनादुरुस्त्यांपासून सुरुवात करा. संसदेच्या संकेतस्थळावर त्या तारखेच्या चर्चेच्या प्रतीत अनुकूल आणि प्रतिकूल अशी नावांची यादी असते. त्याखेरीज ज्या विधेयकांवर विरोधकांनी मतविभाजन, म्हणजे मतांची मोजणी, मागितलं ती, उदाहरणार्थ एप्रिल 2025 चं वक्फ विधेयक, लोकसभेत 288 विरुद्ध 232. आणि जिथे मतविभाजन मागूनही मिळालं नाही तीही लिहून ठेवा. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत शेतीचे कायदे गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाले. देशभरचे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, त्या कायद्यांवर कोणत्या सदस्याचं काय मत पडलं याची नोंद नाही.

आमदारांच्या बाबतीत विश्वासदर्शक ठराव सोडला तर हाताला फार काही लागत नाही. तिथेही भरवसा धरू नका. 12 नोव्हेंबर 2014 ला फडणवीस सरकारवरचा विश्वास आवाजी मतदानानेच संमत झाला. 4 जुलै 2022 ला शिंदे सरकारच्या वेळी शिरगणती झाली, 164 विरुद्ध 99. एकेक आमदार उठून नाव आणि आकडा सांगत होता, सगळ्या महाराष्ट्राने ते बघितलं. सरकार टिकवायचं असतं तेव्हा 288 जणांच्या सभागृहात डोकी मोजता येतात. मग कायद्याच्या वेळी का येत नाहीत? मला कोणीतरी याचं उत्तर द्यावं.

आणि नोंद असली तरी ती नीट वाचावी लागते. 30 नोव्हेंबर 2019 ला ठाकरे सरकारच्या बाजूने 169, विरोधात शून्य. म्हणजे कोणाचा विरोध नव्हता? भाजपचे 105 आमदार होते, त्यांनी सभात्याग केला. सभात्याग म्हणजे विरोध असं टीव्हीवर दिसतं, कागदावर ते शून्य असतं. माझं मत विचाराल तर बाहेर जाऊन घोषणा देण्यापेक्षा आत बसून पोल मागावा. ज्याला विरोध करायचाय त्याने विरोधाची नोंद व्हावी म्हणून भांडलं पाहिजे.

अमेरिकेत सगळंच मोजतात असं मात्र नाही. तिथेही खूप काही आवाजी मतदानावर जातं. फरक इतका की हजर सदस्यांपैकी एक-पंचमांश लोकांनी मागणी केली तर नावानिशी मतं नोंदवावीच लागतात, हे त्यांच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. आसनावर कोण बसलंय यावर ते अवलंबून नाही. आपल्याकडे असं कलम हवं, निदान विधेयकाच्या शेवटच्या मतदानाला तरी.

तुम्हाला कोणी पीआरएस या कायदेमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ सुचवेल, मुंबईत असाल तर प्रजा फाउंडेशनची आमदारांची प्रगतिपुस्तकंही. जरूर बघा. हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग, खासगी विधेयकं असं सगळं मिळेल. मत त्यात नसतं. मंत्री हजेरीवर सही करत नाहीत, तेव्हा त्यांचा हजेरीचा रकाना मोकळा दिसला म्हणून चिडू नका. प्रश्नांच्या संख्येवरून माणूस तोलू नका, डिसेंबर 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल 11 खासदारांना संसदेने काढून टाकलं होतं. त्यापेक्षा भाषण वाचा. कोणत्या कलमाला दुरुस्ती सुचवली ते बघा. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं असेल तर अहवालाला भिन्न मतपत्रिका (न पटलेल्या सदस्याचं लेखी टिपण) जोडली आहे का आणि त्यावर कोणाची सही आहे, ते बघा. आमदाराच्या बाबतीत मताच्या सगळ्यात जवळ जाणारा कागद तोच.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हीप मोडून मत दिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे नोंद सापडली तरी ते मत त्या माणसाचं किती आणि पक्षाचं किती, हे वेगळं काढता येत नाही. दादा याच मुद्द्यावर अडून बसतो. तो म्हणतो, मत पक्षाचंच असतं तर नोंदवून काय उपयोग, साहेब मनातून विरोधातच होते. मी म्हणते, व्हीपखाली दिलेलं मतसुद्धा नावावर लागलं पाहिजे. मग पुढच्या गणपतीत साहेबांना "मी विरोध केला" असं म्हणता येणार नाही, "पक्षाने सांगितलं म्हणून होय म्हटलं" असं म्हणावं लागेल. ते ऐकून लोक त्यांना मत देतील किंवा देणार नाहीत. मला जनसुरक्षा कायदा चुकीचा वाटतो, तुम्हाला बरोबर वाटत असेल. तुमच्या आमदाराने तुमच्या बाजूने होय म्हटलं की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही.

विषयवार तक्ता करायचा असेल तर एकच विषय घ्या, तुमच्या घराशी संबंध असलेला. त्यावरची गेल्या पाच वर्षांतली विधेयकं तारखेसकट लिहा आणि प्रत्येकापुढे "मोजलं" की "आवाजी" एवढं टाका. मी शेतीचा घेतलाय, राज्याच्या विधेयकांसमोर आतापर्यंत "आवाजी"शिवाय काही लिहायला मिळालेलं नाही. मग तो कागद घेऊन आमदारांना लेखी विचारा, अमुक विधेयकावर तुमचं मत काय होतं. तोंडी नको, लेखीच. मी नोव्हेंबरात पत्र दिलंय, पोच घेऊन ठेवली आहे, उत्तर अजून नाही.

दादा, हे वाचशील हे मला माहीत आहे. 10 जुलैच्या कामकाजात साहेब विरोधात बोलल्याची एक ओळ मला दाखव. आईसमोर, सगळ्यांसमोर मी माझं म्हणणं मागे घेईन.