पहिल्यांदाच रेकॉर्डर घेऊन बसणाऱ्यास

अरे, आपल्या सांगलीत रेकॉर्डर म्हटलं की निम्म्यांना आवाज टेप करायचं यंत्र आठवतं, बासरीसारखं उभं धरून फुंकायचं हे पाश्चात्त्य वाद्य नाही; तेव्हा बोटं चुकली तर कुणी पकडणार नाही. सूर मात्र पकडतील! मिरजेच्या तंबोऱ्यांवर कान तयार झालेली माणसं समोर असतात. म्हणून वाद्य आधी दहा मिनिटं काखेत धरून गरम कर. गार रेकॉर्डर सुराला उतरतो, शिवाय श्वासाची वाफ आत साचून आवाज गुदमरतो. माझा पहिल्याच कार्यक्रमात मध्येच बसला होता. तसं झालं तर खिडकीवर, म्हणजे फुंकायच्या टोकाखालच्या चौकोनी खाचेवर, बोट हलकेच ठेवून जोरात फुंकायचं, पाणी निघून जातं. एरवी फुंक बशीतल्या चहावर घालतो तेवढीच. वरच्या सुरांना अंगठ्याचं भोक चिरीएवढंच उघड. आणि सगळी भोकं झाकली की सोप्रानोवर, म्हणजे लहान रेकॉर्डरवर, पाश्चात्त्य ‘सी’ सूर येतो, त्याहून मोठ्या आल्टोवर ‘एफ’. हातात कुठला आहे ते आधी बघ.