सहीचा आकडा 11

प्रश्न : आईचं 1998 सालचं शेवटचं आंतरदेशीय पत्र माझ्याकडे आहे. ओळखीतल्या एक बाई अंकशास्त्र आणि टॅरो (चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य) बघतात. त्यांनी पत्राखालच्या ‘आई’ या सहीचा आकडा 11 काढला, पत्रावर हात ठेवून टॅरोचं पान ओढलं तर ‘मनोरा’ आला. म्हणाल्या, आईच्या मनात तुमच्याबद्दल राग दडलेला होता. पत्राच्या चिकटपट्टीवर आडवं लिहिलंय, ‘बरणी परत पाठवू नको, तुझ्याकडेच ठेव.’ त्या म्हणतात, हे संबंध तोडल्याचं चिन्ह आहे. तेव्हापासून झोप लागत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मजकुरात आकडे दडवतात, हे खोटं नाही. जुन्या पोथ्या वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. लिहिणारा शक सांगताना ‘चंद्र’ म्हणून 1 लिहितो, ‘नेत्र’ म्हणून 2, ‘वेद’ म्हणून 4, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. कटपयादी या अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या पद्धतीत ज म्हणजे 8, य म्हणजे 1. उलट वाचलं की ‘जय’चे 18 होतात. महाभारताचं जुनं नाव जय आणि पर्वं 18. पण शक लिहिणाऱ्याला ही किल्ली ठाऊक असायची, वाचणाऱ्यालाही. कुलूप घालणाऱ्याकडे किल्ली होती, म्हणून ते उघडतं.

तुमच्या आईंनी सही देवनागरीत केली. तिचे 11 करायला आधी ती इंग्रजीत लिहावी लागली : ए, ए, आय. अंकशास्त्रात त्या अक्षरांचे आकडे एक, एक आणि नऊ. मी कागदावर मांडून पाहिलं. अंकशास्त्राच्याच दुसऱ्या, खाल्डियन पद्धतीत आयचा 1 धरतात, म्हणून बेरीज 3. मधे वाय घातला तर पहिल्याच पद्धतीनं 18. आणि कटपयादीत सुटे स्वर शून्य धरतात, म्हणजे ‘आई’ला आकडाच नाही. यातलं कुठलं त्या माउलीनं मनात धरलं होतं?

टॅरोचं म्हणाल तर ती 78 पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला निघाली. त्यांत इजिप्तचं प्राचीन ज्ञान आहे असं 1781मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलाँ या लेखकानं छापलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती; शाँपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाला ती उलगडली 1822मध्ये. पान बघून माणूस स्वतःच्या मनातलं बोलून मोकळा होतो, हे मी पाहिलंय आणि त्याला माझा विरोध नाही. पण मनोरा ओढला त्या दिवशी, पत्र लिहिलं 1998 साली. गेलेल्या बाईच्या तोंडी राग घालायचा अधिकार त्या पानाला कुणी दिला? याचा मला मनापासून राग येतो.

आता चिकटपट्टीकडे या. आंतरदेशीय पत्राची जागा संपली की आपल्या आया कडेनं लिहायच्या, घडीत लिहायच्या, शेवटी पट्टीवर. पत्र मिटवायला घेतलं आणि काहीतरी आठवलं, म्हणून ते आडवं लिहिलंय. रागावलेलं माणूस तिथवर लिहीत नाही, आधीच थांबतं. शिवाय बरणी परत मागणारी आई आणि ‘ठेव तुझ्याकडेच’ म्हणणारी आई यांतली संसार हातावेगळा करत असलेली कोणती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

पत्र दिवसाउजेडी घेऊन बसा, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचा. आणि मला एवढं कळवा, बरणीत काय आलं होतं?