‘द डार्क साइड ऑफ द मून’ सराउंडमध्ये ऐकण्यात अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की, मडगावच्या जुन्या कौलारू घरात चित्रपटांसाठी पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर आधीच बसवलेला असताना, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमची सराउंड, म्हणजे श्रोत्याच्या सभोवतालच्या स्पीकरांतून ऐकायची, आवृत्ती मुद्दाम मागवण्यात काही अर्थ आहे का, की कॉलेजच्या दिवसांपासून स्टिरिओत तोंडपाठ झालेले संगीत नव्या वेष्टनात पुन्हा विकण्याचा हा प्रकार आहे. माझ्या मते अर्थ आहे, आणि या अल्बमच्या बाबतीत तो बहुतेक रॉक अल्बमांपेक्षा अधिक आहे. मात्र स्पीकर चित्रपटांसाठी जिथे टांगले आहेत तिथेच ठेवून ऐकायचे असेल, तर हा खर्च तूर्त करू नये. मी फोंड्याला राहतो आणि हा अल्बम स्टिरिओत, ५.१मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आणि जुन्या चार वाहिन्यांच्या मिश्रणात (मिश्रण म्हणजे सुट्या मुद्रित आवाजांची जुळणी) अशा तिन्ही रूपांत वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. त्या आधारावर हे लिहीत आहे.

आधी ‘तेच संगीत पुन्हा’ या शंकेविषयी. स्टिरिओची रीमास्टर आवृत्ती काढताना, मिश्रण होऊन तयार झालेल्या दोन वाहिन्यांच्या टेपवरच काम होते. आवाजाची पातळी आणि खर्ज-तार यांचा तोल सुधारतो, टेपची खरखर कमी होते, पण गिटार ज्या जागी बसली आहे तिथून ती हलत नाही. सराउंडसाठी एवढ्याने भागत नाही. ज्यांवर वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे ट्रॅकवर, मुद्रित असतात त्या मूळ मल्टिट्रॅक टेप काढून, एकेक वाद्य सुटे घेऊन, संपूर्ण मिश्रण पायापासून नव्याने बांधावे लागते. हा अल्बम १९७२ आणि १९७३ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सोळा ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाला. सोळा ट्रॅक भरले की त्यांतले काही एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचे मुद्रण करायचे, अशी त्या काळची रीत होती, आणि अशा प्रत्येक उतरवणीत खरखर थोडी वाढते, झांजांची आणि ड्रमची धार थोडी बोथट होते. पुढे बँडच्या ‘द वॉल’ या अल्बमवर काम केलेले ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री यांनी २००३ साली, अल्बमच्या तिसाव्या वर्षी, एसएसीडीसाठी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या ध्वनीची डिस्क) ५.१ मिश्रण केले, तेव्हा त्यांनी पहिल्या पिढीच्या, म्हणजे अशा उतरवणीच्या आधीच्या, टेप शोधून काढून त्या नंतरच्या टेपांशी जुळवून घेतल्या. म्हणजे निक मेसन यांचे जे ड्रम आपण इतकी वर्षे ऐकत आलात, त्यांच्याही एक पायरी मागचे, मूळ वादनाच्या अधिक जवळचे ड्रम या मिश्रणात आहेत. मला तर मागच्या स्पीकरांपेक्षाही आधी हाच फरक जाणवला.

दुसरी गोष्ट अशी की, या अल्बमवर सराउंड मागाहून लादलेला नाही. आवाज श्रोत्यांच्या भोवती फिरवण्याचा ध्यास या बँडला पहिल्यापासून होता. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधील कार्यक्रमात बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट ‘ॲझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाच्या पेटीवरची दांडी फिरवून सभागृहाच्या वेगवेगळ्या भागांतील स्पीकरांकडे आवाज पाठवत होते. ‘टाइम’च्या आरंभी एकदम वाजू लागणारी घड्याळे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती, आणि तीही या गाण्यासाठी नव्हे, तर चार वाहिन्यांच्या ध्वनीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. पार्सन्स यांनी १९७३ मध्येच या अल्बमचे क्वाड्राफोनिक, म्हणजे खोलीच्या चार कोपऱ्यांतील चार स्पीकरांसाठीचे, मिश्रण केले. एकमेकांशी न जुळणाऱ्या अनेक पद्धती एकाच वेळी बाजारात आल्यामुळे क्वाड्राफोनिक तबकड्यांचा व्यवहार दशक संपण्यापूर्वीच बसला. म्हणून स्टिरिओ हेच मूळ आणि सराउंड ही भर, असा हिशेब या अल्बमला लागू होत नाही.

आता प्रत्यक्ष ऐकताना काय घडते ते सांगतो, आणि त्यासाठी आपल्याकडचाच दाखला घेतो. गणेशचतुर्थीला घुमट आरती रंगात आलेली असताना आपण माणसांच्या मधोमध उभे असलो, तर दोन्ही अंगांची घुमटे (मातीच्या भांड्याची चर्मवाद्ये), एका कडेचे शामेळ हे चर्मवाद्य, कासाळे म्हणजे झांजा आणि पाठीमागचे कोरसवाले एवढ्या गदारोळातही आपल्याला वेगवेगळे ऐकू येतात. हवे तेव्हा एकाच घुमटावर लक्ष देता येते. तीच आरती मोबाइलवर मुद्रित करून नंतर ऐकली, तर शामेळ कासाळ्यांखाली दबून जाते आणि सगळ्याचा एक गोळा होतो. आवाज वेगवेगळ्या दिशांनी आले की दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील आणि पातळीतील सूक्ष्म फरकावरून मेंदू ते सुटे करतो. ते सगळे एकाच दिशेने आले की मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. चांगल्या सराउंड मिश्रणाची खरी कमाई ही आहे, आणि आवाजाच्या भिंगऱ्या हा तिच्या मानाने गौण भाग आहे.

या अल्बममध्ये याचा सर्वांत सुंदर प्रत्यय ‘अस अँड देम’मध्ये येतो. गाणे संथ आहे, राइट यांचा हॅमंड ऑर्गन आणि डिक पॅरी यांचा सॅक्सोफोन यांवर ते तोललेले आहे, आणि कडव्यातील प्रत्येक लहान शब्दामागून त्याचे प्रतिध्वनी येत राहतात. स्टिरिओत हे प्रतिध्वनी पुढच्या वाद्यांतच मिसळतात आणि त्यांचा जणू धुरकट पडदा होतो. ५.१मध्ये शब्द समोर उच्चारला जातो आणि त्याचे प्रतिध्वनी श्रोत्याला ओलांडून मागे जाऊन विरतात. त्यामुळे पुढचा शब्द येण्यापूर्वी समोरची जागा पुन्हा मोकळी झालेली असते. त्या मोकळ्या जागेत ऑर्गनचा धरून ठेवलेला स्वर आणि झांजेवरचा हलका हात स्पष्ट ऐकू येतो. मग ध्रुपद येते तेव्हा सगळे एकदम भरून येते आणि ओसरते. हा चढउतार मला स्टिरिओत नेहमी केवळ आवाज वाढल्यासारखा वाटे. इथे खोलीच मोठी होऊन लहान झाल्यासारखी वाटते.

तसेच अल्बमभर विखुरलेल्या माणसांच्या बोलण्याचे आहे. बँडचे रॉजर वॉटर्स यांनी कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओत असलेल्या लोकांना ते विचारले आणि त्यांची उत्तरे मुद्रित केली. अगदी शेवटी, हृदयाचे ठोके विरत असताना बोलणारा माणूस हा स्टुडिओचा दारवान होता. संगीताखाली पुटपुटल्यासारखी वाटणारी ही वाक्ये संगीतापासून वेगळ्या दिशेने आल्यावर समजू लागतात, आणि भीती, पैसा, वेळ, वेड यांवरची ही गाणी साध्या माणसांच्या बोलण्यातून कशी उगवली आहेत हे कळते. ‘मनी’मधील नाण्यांचा खणखणाट आणि ‘ऑन द रन’मधील धावणारी पावले खोलीभर फिरतात, ती ऐकायला मजा येते, पाहुण्यांना ऐकवण्यासाठी लोक हेच भाग लावतात, पण काही वेळा ऐकल्यावर त्यांचे नवल ओसरते.

गथ्री आणि पार्सन्स यांच्यात कोण सरस, हाही प्रश्न आपल्यासमोर येईल. पार्सन्स यांचे चार वाहिन्यांचे मिश्रण अधिक धीट आहे, वाद्ये कोपऱ्यांत ठाम उभी आहेत, आणि ‘ऑन द रन’ व ‘मनी’ मला त्याच रूपात अधिक आवडतात. पण सलग त्रेचाळीस मिनिटे बसून अल्बम ऐकायचा असेल तर गथ्री यांचे मिश्रण अधिक एकसंध आहे. त्यात कुठेही लक्ष संगीतावरून उडून स्पीकरकडे जात नाही.

आता आपल्या घराविषयी, कारण सगळे यश त्यावर अवलंबून आहे. चित्रपटांसाठी मागचे स्पीकर बहुधा पाठीमागच्या भिंतीवर, उंच, छताजवळ लावले जातात. संगीताच्या ५.१ मिश्रणासाठी प्रचलित मांडणी वेगळी आहे : समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर, आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खुर्चीच्या बाजूला किंचित मागे. सर्व स्पीकर शक्यतो कानाच्या उंचीवर असावेत. आवाजाला एक मीटर अंतर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, म्हणून प्रत्येक स्पीकरचे खुर्चीपासूनचे अंतर मोजपट्टीने मोजून रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये, भरावे. हे केले नाही तर ‘अस अँड देम’चे प्रतिध्वनी वेळेआधी येतात आणि सगळी मोकळीक नाहीशी होते. मागचे स्पीकर समोरच्यांच्या मानाने फारच लहान असतील, तर प्रतिध्वनी मागे जाताना त्याचा रंग बदलतो आणि फसवणूक लगेच कळते. ‘हॉल’, ‘स्टेडियम’, ‘रॉक’ अशा नावांची रिसीव्हरवरील सगळी बटणे बंद ठेवावीत, कारण ती मिश्रणावर स्वतःचा खोटा घुमारा चढवतात.

जुन्या गोव्याच्या घराचे काही फायदे आहेत. उंच, उतरते छप्पर सपाट स्लॅबसारखा आवाज थेट खाली परतवत नाही. पण चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आणि फरशी हे दोन्ही कठीण पृष्ठभाग आहेत. खुर्चीसमोर जाड सतरंजी, एका बाजूला पुस्तकांचे कपाट आणि खिडक्यांना जाड पडदे एवढ्यानेही मोठा फरक पडतो. खर्जासाठी सबवूफरची जागा शोधावी लागते. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा स्वर भिंतीभिंतींत आदळून फुगतो, आणि खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांचा फुगवटा एकत्र येतो. सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवून, बेस गिटारचा एखादा तुकडा लावून, आपण खाली बसून भिंतीकडेने ऐकत फिरावे. जिथे प्रत्येक स्वर सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर न्यावा. अल्बमच्या आरंभीचे ठोके फार हळू आवाजात सुरू होतात, म्हणून पावसाळ्यात कौलांवर सर कोसळत असताना तो लावण्यात अर्थ नाही. पावसाळ्यातली दुसरी काळजी दमटपणाची : उपकरणे अधूनमधून चालू ठेवावीत आणि डिस्क कोरड्या, बंद डब्यात ठेवाव्यात, नाहीतर बुरशी धरते.

कोणती आवृत्ती घ्यावी हे आपल्या प्लेअरवर ठरेल. २००३ची एसएसीडी साध्या सीडी प्लेअरवर फक्त स्टिरिओ वाजवते, तिच्यावरील ५.१ ऐकण्यासाठी एसएसीडी वाचणारा प्लेअर हवा. २०११च्या मोठ्या संचात गथ्री यांचे ५.१ आणि पार्सन्स यांचे १९७३चे क्वाड्राफोनिक अशी दोन्ही मिश्रणे आहेत आणि ती साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालतात, म्हणून जुन्या मालात हा संच मिळाला तर मी तोच सुचवीन. अल्बमच्या पन्नासाव्या वर्षी, २०२३ मध्ये, गथ्री यांनीच केलेले डॉल्बी ॲटमॉस मिश्रण आले, ज्यात आवाज डोक्यावरूनही येतो. पण त्याच्यासाठी वर तोंड करून छतावर आवाज फेकणारे स्पीकर किंवा साउंडबार घेण्याच्या भानगडीत आपण पडू नये, कारण त्यांना परतवायला सपाट छत लागते आणि उतरत्या कौलांखाली तो आवाज भलतीकडे जातो. प्लेअर रिसीव्हरला थेट एचडीएमआयने जोडावा. टीव्हीतून ऑप्टिकल केबलने आणल्यास पूर्ण दर्जाचा बहुवाहिनी ध्वनी पोहोचत नाही. हेडफोनवरील ॲटमॉसमध्ये जागेचा भास बऱ्यापैकी होतो, पण मान वळवून मागचा आवाज पडताळून पाहण्याचे जे समाधान खोलीत मिळते, ते त्यात नाही.

हा प्रयोग रुचला तर पुढे स्टीव्हन विल्सन यांनी मूळ टेपांवरून केलेली किंग क्रिमसन, जेथ्रो टल आणि येस यांच्या अल्बमांची ५.१ मिश्रणे, तसेच बीटल्सच्या ‘ॲबी रोड’चे जाइल्स मार्टिन यांनी २०१९ मध्ये केलेले मिश्रण अवश्य ऐकावे. आपल्या प्लेअरवर एसएसीडीचे चिन्ह आहे की नाही आणि खोलीची लांबी-रुंदी किती आहे, हे कळवले तर स्पीकरांची जागा आणि घ्यायची आवृत्ती या दोन्हींबद्दल अधिक नेमके सांगता येईल.